घरातलं एक माणूस

आत्याबाई,

तुमची भिंत आज पाडायला निघाले होते. तुमचा नातू घर नवं करतो आहे, वर स्लॅब टाकायचा म्हणतो, आणि त्यासाठी रायपूरकडचे मिस्त्री आणले आहेत. त्यातल्या मोठ्या मिस्त्रीनं सकाळी मधल्या खोलीला दोरी लावली, एक डोळा मिटून पाहिलं आणि मला विचारलं, "माँ जी, ये दीवार किस अनाड़ी ने उठाई? उधर से हाथ भर तिरछी है." मी ओसरीत सुपात तांदूळ घेऊन बसले होते. म्हटलं, माझ्या सासूनं उठवली, आणि एका गोऱ्या बाईनं. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार, कारण तो हसलासुद्धा नाही. तसाही मला त्याचा भरवसा नाहीच. सिमेंटमध्ये तो रेती जास्त घालतो असं मला पहिल्या दिवसापासून वाटतं, म्हणून मी ओसरी सोडत नाही. दुपारी त्या लोकांना जेवायला बसा म्हटलं, तर म्हणाले डबे आणले आहेत, ठेक्याचं काम आहे, जेवण त्यात धरलेलं नाही. आता जो माणूस आपल्या घराची भिंत बांधतो आणि आपल्या घरचं खात नाही, तो मनात काय धरून बांधत असेल? हे बोलले आणि मग लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा लेकही तुमच्या मागे गेला, तरी माझ्या तोंडात अजून तुमचंच बोलणं येतं. म्हणून लिहायला बसले.

मी सून होऊन या घरात आले तेव्हा तुमचा पहिला संशय माझ्यावरच होता. तिरोड्याची पोरगी, बापाचं बाजारात दुकान, आणि वरून चौथीपर्यंत शिकलेली. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलं होतं, "लिवता येते म्हन्ते, त कोनाले लिवते वो तू?" मी म्हटलं, कोणालाच नाही. "मंग शिकली कायले?" तुम्ही कुंभाराचं मडकं वाजवून घ्यायच्या, ते ठीक. पण देवळातल्या प्रसादाचाही आधी वास घ्यायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पटवारी दारात आला की त्याला पाणी द्यायच्या आणि तो पाणी पीत असताना त्याच्या पायांकडे बघायच्या, की तो कुठपर्यंत आत येतो. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारलेले. एकुलता एक लेक आणि नदीकाठचं थोडं धानाचं वावर, एवढ्यावर तुम्ही एकट्यानं घर धरून ठेवलं होतं. अशा बाईनं संशय धरू नये तर कोणी धरावा, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मात्र तुमचा नुसता राग यायचा.

पौषात आग लागली. धान कापून झालं होतं, पेंढ्यांचे पुंजणे खळ्यात रचले होते, आणि राखणीला बसलेल्या कोणाच्या तरी शेकोटीची ठिणगी वाळल्या तणसात गेली. वारा नेमका गावाकडे वाहत होता. नदीकडची आपली घरांची ओळ सगळी गवताच्या छपरांची. ती अख्खी गेली. माणसं वाचली, ढोरं सोडता आली. आपल्या घराच्या काळ्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या आणि पुढं त्याही बसल्या. पुंजण्याच्या पोटातलं धान जळलं नव्हतं, ते आपण झाडून काढलं, पण त्याच्या भाताला वर्षभर धुराचा वास राहिला. आंब्याच्या झाडाखाली पळसाच्या डहाळ्यांचा मांडव करून आपण तिघं राहू लागलो. तुम्ही रोज सकाळी राखेत उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या, शेकोटी कोणाची होती ते कोणी तरी बोलून जाईल म्हणून. कोणी बोललं नाही.

माघात ते लोक आले. सौंदडच्या ठेसनावर छोट्या गाडीतून उतरून बैलगाडीनं गावात आले. तीन गोरे पुरुष, एक गोरी बाई, आणि त्यांच्यासोबत खादीतले एक नागपूरचे गृहस्थ. गृहस्थांनी सगळ्यांना पारावर बसवून सांगितलं की हे लोक इंग्रज नाहीत, लांबच्या एका डोंगराळ देशातले आहेत, आणि गंगेपलीकडे भूकंपानं पडलेली गावं बांधायला चालले आहेत. तिकडचं काम लागायला अजून वेळ आहे, तोवर ते आपली ओळ उभी करून देतील. मजुरी घेणार नाहीत. काहीच घेणार नाहीत. हे 'काहीच घेणार नाहीत' त्यांनी दोनदा सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. एकदाच सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवलाही असता. कोणी म्हणालं, किरिस्ताव करतील. कोणी म्हणालं, घरं बांधून जमिनी नावावर करून घेतील. तुम्ही नुसत्या त्या बाईकडे बघत राहिलात. ती तुमच्याच वयाची असावी. केस पांढरे आणि आखूड, कपाळ मोकळं, गळा मोकळा, आणि कोणी बघितलं की दात दाखवून हसायची. घरी येताना तुम्ही मला म्हणालात, "ना नवरा, ना लेकरू. आपली माती सोडून आमची माती वाहाले कायले येऊन राहिली ते?"

दुसऱ्या दिवशी तिनं फीत काढून आपली जागा मोजली, कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि दोरी बांधून गेली. तुमच्या हिशेबी जमीन दोनच जण मोजतात, पटवारी आणि भाऊबंद, आणि दोघांनी मोजली की ती कमीच होते. पहाटे मी उठून पाहते तर तुम्ही वाकून खुंट्या उपटत आहात. मग कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानं मोजत मोजत तुम्ही त्या पुन्हा ठोकल्या, आपली जुनी भिंत जिथं होती तिथं, आठवणीनं. मला बघून म्हणालात, "कोनाले सांगशील त माहेरी धाडून देईन." मी कशाला सांगते. बाई आली, तिनं खुंट्यांकडे पाहिलं, मग तुमच्या मातीनं भरलेल्या नखांकडे पाहिलं, आणि काही न बोलता दोरी ताणून बांधली. भिंत तुम्ही ठरवलेल्या जागी उठली. तुमची आठवण एका बाजूला हातभर चुकली होती, ते तिला दिसलं नसेल असं मला वाटत नाही, कारण फीत तिच्याजवळ होती. दिसूनही ती गप्प का राहिली, याचा तुम्हाला मग आणखी एक संशय आला.

चिखल तुडवताना बायका हात धरून उभ्या राहतात, पाय घसरू नये म्हणून. तुम्हाला त्या बाईचा हात धरायचा नव्हता, म्हणून तुम्ही मला मधे उभं केलंत. एका हातात तुमचा हात, दुसऱ्या हातात तिचा, आणि पोटऱ्यांपर्यंत गार माती. मी तोवर कोणा परक्या माणसाचा हात धरलेला नव्हता. मला वाटलं होतं तो मऊ असेल. तो आपल्यासारखाच होता, तळव्याला फोड येऊन फुटलेले. तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं आणि मला तिरोड्याच्या बाजारातलं. मी विचारलं, तुम्ही इकडे का आलात. ती पाय न थांबवता म्हणाली, "हमारा उधर लड़ाई में लोग बहुत घर तोड़ा. बहुत. अब हम बनाता है." मी तुम्हाला ते आपल्या बोलीत सांगितलं. तुम्ही थोडा वेळ चिखल तुडवला आणि म्हणालात, "तोडले तिकडे, आन बांधून राहिली इकडे. ज्याचं तोडलं त्याच्या घरी हात फेडाव. हे काही बराबर जमत नाही."

हात फेडणं म्हणजे काय, ते तुमच्या नातवाला आता सांगावं लागतं. आपल्याकडं घर गावाच्या हातांनी उभं राहायचं. ज्याचं घर पडलं त्याच्याकडं घरटी एक माणूस यायचा आणि भिंतीचे थर चढवायचा. ज्याचं घर, त्यानं त्याला पोटभर जेवू घालायचं. आणि पुढं त्या माणसाकडं काम निघालं की आपल्या घरातलं एक माणूस तिकडं गेलं पाहिजे. न जेवता गेलेला हात घरातच राहतो आणि ज्याचा हात त्याचा घरावर हक्क राहतो, असं तुम्ही पक्कं धरून होता. आणि हे गोरे लोक तर आपल्याकडचं घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हते. जळालेल्या लोकांवर जेवणाचा भार टाकायचा नाही, असा त्यांचा नेम होता. दुपारी ती बाई आंब्याखाली बसून डब्यातलं काही तरी कोरडं खायची. तुम्ही लांबून बघायच्या आणि म्हणायच्या, "पाहून घे. काही खाऊन नाही राहिली. घर तिचं होऊन राहिलं."

तेवढ्यात तुमच्या लेकानं नवंच काढलं. तो त्या गोऱ्या पुरुषांबरोबर छपराचं काम करत होता. यंदा गवत नको, भाजलेल्या मातीचे कवेलू घालायचे, म्हणजे ठिणगीची भीती नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्याला ते पटलं. मग त्यांचं सगळंच पटायला लागलं. एक दिवस मांडवात भाकरी खाता खाता म्हणाला, "ते मले संगं चाल म्हन्तेत. गंगेपल्याड. तिकडे मानसं कमी पडून राहिले." माझा घास हातातच राहिला. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, लेकरू नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि हा माणूस दुसऱ्यांची घरं बांधायला निघतो. मला त्या क्षणी कोणाचा राग आला ते मी नीट सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी भिंत लिंपताना, माझ्याकडे न बघता, तुम्ही मला तुमच्या भावाचं सांगितलंत. तोपर्यंत तुम्हाला भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं.

"माया भाऊ असाच गेला," तुम्ही म्हणालात. "दुकाळ होता. एक मानूस आला, गोड बोले. जेवन देल्लन, नवं कांबळं देल्लन. काही घेत नाही म्हने. मंग ठेसनावर नेलंन आन चहाच्या मळ्यावर धाडून देल्लन. तिकडेच, गंगेच्या पल्याड, आनखी दूर. ते कांबळं माया मायनं दारात टांगून ठेवलं होतं, तो येईल म्हनून. तुटून गेलं टांगल्या टांगल्या." मग हातातला गोळा भिंतीवर थापून म्हणालात, "फुकट देनारा मानूस मानूसच नेते. आता समजलं कायले पाहून राहिली मी तिच्याकडे?" मला समजलं. त्या दिवसापासून मीही तिच्याकडे तुमच्यासारखी बघायला लागले. पण खरं सांगायचं तर चिखलात तिचा हात धरायची वेळ आली की माझं बघणं बिघडायचं.

फाल्गुनात घर झालं. कवेलू चढले, जमीन सारवून झाली, चौकटीला आंब्याचं तोरण लावलं, आणि तुम्ही अंगणात बसून राहिलात. आत काही जाईनात. सगळी ओळ आपापल्या घरात गेली, आणि आपण तिघं मांडवातच. खादीतले गृहस्थ समजूत घालायला आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "तिले जेवू घाला माया हातचं. नाही त तुमचं घर उचलून घेऊन जा." गृहस्थ त्यांच्या नेमाचं सांगू लागले. तुम्ही तोंड फिरवलंत. शेवटी त्या बाईनंच काय ते ओळखलं आणि येऊन अंगणात मांडी घालून बसली. तुम्ही तिला चौकटीच्या बाहेरच पत्रावळ मांडलीत; बाटण्याची भीती वेगळी आणि हाताची भीती वेगळी, दोन्ही तुम्ही नीट सांभाळल्या. धुराच्या वासाचा भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, आणि मुद्दाम केलेला मिरचीचा ठेचा. तो ठेचा आपल्यालाही झेपला नसता. ती खात होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक पुसत होती, आणि पत्रावळ पुसून खाल्ल्याशिवाय उठली नाही. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "पोटात काही असल्याबिगर इतकं तिखट कोनी खात नाही." पण तुमचा आवाज जरा उतरला होता, ते मी ओळखलं.

मग तुमचा लेक उभा राहिला. म्हणाला, "माय, तिचा हात आपल्या घराले लागला. ते आपल्या घरी जेवली. आता तूच सांग, घरातलं एक मानूस गेलं पायजे का नाही? तिचं घर त समुद्राच्या पल्याड आहे. ते जिथं बांधते तिथं जाऊन मी हात फेडतो." त्यानं तुमच्याच रीतीनं तुम्हाला धरलं होतं. मी तांब्या घेऊन उभी होते. मला आठवतं, मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तू बस," म्हणालात. मग पदर खोचून लेकाला म्हणालात, "मी जाईन."

तो वाद घालत राहिला, गृहस्थ समजावत राहिले की तसली काही सक्ती नाही, कोणी जायची गरज नाही. तुमचं एकच. "तुले बायको आहे, वावर आहे. मी कोनाच्या कामाची? आन मले नेऊन कोनी काय करन? म्हाताऱ्या बाईले चहाच्या मळ्यात कोनी घेत नाही." ज्या बाईनं जन्मात सौंदडच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, जी आगगाडीच्या शिटीवरसुद्धा विश्वास ठेवत नव्हती, ती लेकाला कोणी नेऊ नये म्हणून स्वतः निघाली. तुम्ही मग तोरणाखालून आत गेलात, चुलीला हळदकुंकू लावलंत आणि पहिला जाळ घातलात. मला वाटतं, त्या घरात तुम्ही निश्चिंत होतात त्या तेवढ्याच वेळी.

ठेसनावर तुम्ही तुमची स्वतःची टोपली घेतली होती. दुसऱ्याच्या टोपलीनं हात फिटत नाही म्हणालात. गाडीत बाकावर न बसता दाराशी खाली बसलात, वेळ पडली तर उडी मारता यावी म्हणून. हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं. ती गोरी बाई तुमच्यासमोर तशीच खाली बसली. तुम्ही मला खिडकीशी बोलावून हळूच सांगितलंत, "याच्यावर नजर ठेवजो. याचा जीव तिकडे लागून राहिला." मी मान हलवली. मग लेकालाही जवळ बोलावलंत आणि काही तरी सांगितलंत, ते मला ऐकू आलं नाही. गाडी हलली. तुम्ही हात केला नाही, फक्त पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतलात.

मी नजर ठेवली. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, मलाच धास्ती होती. तुमच्या लेकाचं एकच धड धोतर होतं, ते मी कायम ओलं ठेवायची. निघायचं म्हटलं तरी ओल्या धोतरानं कुठं निघेल? चैत्रात मोहफुलं पडायला लागली तेव्हा पहाटे मी एकटीच टोपलं घेऊन जायची आणि वेचता वेचता झाडाआडून घराकडे बघायची, दार उघडलं का, तो बाहेर पडला का. माझं माहेरचं चांगलं लुगडं त्याच दिवसांत हरवलं. शेजारणीनं नेलं असा माझा पक्का संशय, आणि तिच्याशी मी पुढं कित्येक दिवस धड बोलले नाही. गावाला तर तुमच्या जाण्यानं चघळायला विषय मिळाला. "म्हातारीनं फुकटात गंगा केली." "बाटली असन आतापर्यंत." "मळ्यावर पत्ती खुडून राहिली असन." तुमचा लेक हे ऐकून घरी यायचा आणि न जेवता झोपायचा. तुमचा काही निरोप येत नव्हता. कागद यावा म्हणून मी वाट बघत होते, पण तुम्हाला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या हातून लिहून घेणं हे तुमच्या स्वभावात कुठं बसणार.

वैशाखात, आखाजी झाल्यावर एक दिवस तुम्ही ठेसनावरून चालत आलात. काळ्याशार, वाळलेल्या, तळहातांना भेगा, आणि डोक्यावर टोपली. ती टोपली तुमची नव्हती. वीण वेगळी, बुडाशी वेगळाच वळ. मी विचारलं तर म्हणालात, "तिकडची एक बाई होती. तिची मायाजवळ, मायी तिच्याजवळ." तिकडे काय होतं, विचारलं तर म्हणालात, "का राह्यते? मातीच होती." लेकानं पाय धरले, तर त्याला म्हणालात, "हात फिटला आता. पेरनीचं पाह्य." आणि उठून भिंतीवरून हात फिरवलात, सारवण कुठं उडालं आहे का ते बघत.

पण तेव्हापासून मी तुमच्यावर नजर ठेवायला लागले. तुम्ही कधी कधी सारवताना काही तरी गुणगुणायच्या. ते आपलं नव्हतं, शब्दच कळायचे नाहीत. उन्हाळ्यात भाजलेल्या चण्याचं पीठ कांदामिरची घालून पाण्यात मळायच्या आणि तसंच खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, चुलीचं लाकूड वाचते. एकदा पारावर कोणी तरी गोऱ्या लोकांना शिव्या देत होतं, तर तुम्ही जाता जाता म्हणालात, "सगळे एका मापाचे नसतेत," आणि पुन्हा कधी त्यावर बोलला नाहीत. ज्या बाईनं जन्मभर सगळ्यांना एकाच मापानं मोजलं तिनं हे म्हणावं, म्हणजे तिकडे काही तरी झालं होतं. तुम्ही लेकासाठी गेलात, हे मी कधीच पूर्ण मानलं नाही. मला वाटायचं, भावासाठी गेलात. गंगेपल्याड, आणखी दूर, असं तुम्हीच तर म्हणाला होतात.

शेवटच्या दुखण्यात मी तुम्हाला विचारलं. दुपारची वेळ होती, तुम्ही त्या तिरप्या भिंतीला टेकून बसला होता आणि मी तुमच्या तळव्यांना तेल लावत होते. म्हटलं, आत्याबाई, तिकडे भाऊ शोधला का? तुम्ही म्हणालात, "मळ्याकडची गाडी तिथूनच जाते. ते बाई म्हने, जाचं असन त चाल, मी येतो संगं. फलाटावर उभ्या राहिलो होतो दोघी." मी विचारलं, मग? "मंग का. गाडी गेली. तुवं सारवण बराबर झालं का नाही, ते पाहाचं होतं मले." आणि डोळे मिटून घेतले. मला ते खरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. सारवण बघायला कोणी भाऊ सोडून येत नाही. पण तुम्ही माझ्या हातातून तळवा काढून घेतला नाहीत, तेल संपलं तरी.

तुमची तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि तुमचा लेक ओसरीत बसून एकटाच हसायला लागला. मी घाबरले. म्हणाला, "ठेसनावर मायनं मले काय सांगतलं होतं, माहीत आहे? म्हने, सुनेवर नजर ठेवजो. तिचे पाय चालून राहिले." मी म्हटलं, माझे? "तुयेच. म्हनून त मी तुवं चांगलं लुगडं माळ्यावर कोंड्याच्या पोत्याखाली दाबून ठेवलं होतं. मंग इसरलो. उंदरानं खाल्लं असन." मी त्याला धोतराचं सांगितलं. आम्ही दोघं खूप हसलो, आणि मग मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्ही आम्हा दोघांना एकमेकांच्या राखणीला बसवून निश्चिंत गाडीत बसला होतात. शेजारण बिचारी उगाच.

आजचं सांगायचं राहिलं. दुपारी मी मिस्त्रीला म्हटलं, तू माझ्या हातचं जेवल्याशिवाय भिंतीला हात लावू देणार नाही. तो तुमच्या नातवाकडे बघू लागला, नातू आकाशाकडे. शेवटी सगळे जेवले, भात आणि लाखोळीचं वरण, आणि चांगले चापून जेवले. हात धुऊन मिस्त्री म्हणाला, "अब गिराएँ, माँ जी?" मी म्हटलं, आता नाही पाडायची. माझं खाल्लं आहेस, आता माझं ऐक. नातू चिडला आहे. तिरप्या भिंतीवर स्लॅब कसा बसणार म्हणतो. बसवील, मिस्त्री हुशार दिसतो. रेतीचं मात्र मी बघतेच आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. पेटीत टाकलं तर मधेच कोणी उघडून वाचेल, आणि नातवाजवळ दिलं तर तो नक्कीच वाचेल. लिहिते तर कोणाला लिहिते, असं तुम्ही विचारलं होतं ना, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं, तेवढं पुरे. एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी अंगणात तुमचा लेक बोलून थांबला आणि मी तांब्या घेऊन पाऊल पुढे टाकलं, ते पाणी वाढायला नव्हतं. तुम्ही जे म्हणालात तेच माझ्या तोंडाशी आलं होतं. नवऱ्याला वाचवायला, असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं नव्हतं. मला जायचं होतं. पोटरीभर मातीत तिचा हात धरून उभी होते तेव्हापासून जायचं होतं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, बस म्हणालात, आणि माझ्या आधी बोललात. त्या बाईवर, त्या गोऱ्या पुरुषांवर, खादीतल्या गृहस्थांवर धरलेला तुमचा एकूण एक संशय खोटा निघाला, आत्याबाई. माझ्यावरचा तेवढा खरा होता.